रसायनशास्त्राचा मास्तर व्हायचं होतं : रॉबर्ट लँगर आणि जैव-नॅनोतंत्रज्ञानाची पन्नास वर्षं



मागच्या व्याख्यानानंतर खाली उतरलो, तेव्हा एका विद्यार्थिनीनं मला गाठलं. ती म्हणाली, "सर, पीएच.डी. झाल्यावर संशोधन करावं, कंपनी काढावी की शिकवावं? सगळे म्हणतात, एक काहीतरी निवड." मी तिला तिथल्या तिथे काहीतरी सांगितलं, पण माझंच त्यानं समाधान झालं नाही. म्हणून आज उत्तराच्या जागी एक इतिहास सांगणार आहे. ज्या माणसानं या तिन्ही गोष्टी केल्या, आणि ज्याला सुरुवातीला त्यातली एकही करू दिली जात नव्हती, त्याचा.

त्यांचं नाव रॉबर्ट लँगर. जन्म १९४८, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावी. १९७० साली कॉर्नेल विद्यापीठातून केमिकल इंजिनीअरिंगची पदवी, १९७४ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट.

आता १९७४ हे साल लक्षात घ्या. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं होतं. अमेरिकेत पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या होत्या आणि तेलकंपन्यांना केमिकल इंजिनीअर हवे होते. लँगर यांच्या हातात वीसेक नोकऱ्या होत्या, त्यातल्या चार एकट्या एक्सॉनच्या. एका मुलाखतीत त्यांना सांगितलं गेलं, की अमुक एका रसायनाचं उत्पादन ०.१ टक्का जरी वाढवता आलं तरी कंपनीला अब्जावधी डॉलर मिळतील. लँगर यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे. परतीच्या विमानात त्यांच्या मनात एकच होतं, की हे काम आपल्याला करायचं नाही.

मग करायचं काय होतं? इथे गोष्ट आपल्या विषयाला येऊन भिडते. एमआयटीत शिकत असताना ते केंब्रिज गावातल्या गरीब मुलांच्या एका शाळेत रसायनशास्त्र आणि गणित शिकवत. तिथला अभ्यासक्रम त्यांनी स्वतः बांधला होता, आणि त्यात त्यांचं मन रमलं होतं. म्हणून रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम तयार करण्याच्या नोकरीसाठी त्यांनी चाळीसेक कॉलेजांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग रुग्णालयांना लिहिलं. तिथूनही काही नाही.

शेवटी प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, की बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात ज्युडा फोकमन नावाचे शल्यचिकित्सक आहेत, ते कधीकधी वेगळ्याच प्रकारची माणसं घेतात. फोकमन यांनी या तरुणाला घेतलं. सगळीकडे डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञ, आणि त्यात हा एकटा इंजिनीअर.

फोकमन यांच्याकडे तेव्हा एक कल्पना होती आणि तिच्यावर फार थोड्यांचा विश्वास होता. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं होतं, की कर्करोगाची गाठ वाढायची तर तिला रक्त लागतं, आणि त्यासाठी ती स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. त्या वाहिन्या अडवल्या तर गाठ उपाशी राहील. आता अशी अडवणारी वस्तू शोधायची कुठे? कूर्चेमध्ये, म्हणजे आपल्या सांध्यांत असते त्या मऊ हाडात, रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा तिथे काहीतरी 'नको' म्हणणारं असणार, असा तर्क. लँगर कत्तलखान्यात जाऊन गायीची हाडं आणत, कूर्चा खरवडत, आणि त्यातून रेणू वेगळे काढत. एमआयटीचा डॉक्टरेट झालेला इंजिनीअर, आणि काम हे!

रेणू मिळाले. पण ते तपासायचे कसे? सशाच्या डोळ्यात गाठीचा बारीक तुकडा ठेवायचा, तिच्याकडे रक्तवाहिन्या वाढतात का ते कित्येक दिवस पाहायचं. म्हणजे आपला रेणू तितके दिवस तिथे थोडाथोडा झिरपत राहिला पाहिजे. लहान रेणू प्लॅस्टिकसारख्या पदार्थातून हळूहळू बाहेर सोडायची युक्ती तेव्हा माहीत होती. प्रथिनं मात्र प्रचंड मोठी. तज्ज्ञांचं मत ठाम होतं, की एवढा रेणू घन पॉलिमरमधून बाहेर पडणं शक्यच नाही. भिंतीतून माणूस चालत जाईल का, असा तो प्रश्न होता.

लँगर सांगतात, की हे न जमण्याचे दोनशेहून जास्त मार्ग आधी मला सापडले. मग एक जमला. पॉलिमर द्रावकात विरघळवायचा, त्यात प्रथिनाची कोरडी पूड मिसळायची, आणि ते मिश्रण थंडीत घट्ट करून द्रावक उडवून लावायचा. आत काय होतं? अतिशय वाकडेतिकडे, मध्येच चिंचोळे होणारे मार्ग तयार होतात. तुम्ही पुण्यात गणपतीच्या दिवसांत पेठेतून बाहेर पडायचा प्रयत्न केला असेल. रस्ता असतो, पण बोळातून बोळात, गर्दीतून गर्दीत, आणि बाहेर पडेपर्यंत रात्र होते. प्रथिनाचा रेणू तसाच हिंडत हिंडत कित्येक आठवड्यांनी बाहेर येतो. १९७६ मध्ये लँगर आणि फोकमन यांचा हा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी कूर्चेतल्या त्या घटकाविषयीचा निबंध 'सायन्स'मध्ये आला.

तुम्ही म्हणाल, एका वर्षात 'नेचर' आणि 'सायन्स', म्हणजे माणूस स्थिरावला. तसं झालं नाही. पॉलिमर रसायनज्ञांसमोर त्यांनी हे मांडलं, तेव्हा व्याख्यान संपल्यावर काही ज्येष्ठ मंडळी येऊन म्हणाली, की तुमच्या एकाही गोष्टीवर आमचा विश्वास नाही. संशोधन अनुदानासाठीचे त्यांचे पहिले नऊ अर्ज फेटाळले गेले. केमिकल इंजिनीअरिंगचा एकही विभाग त्यांना घेईना, कारण त्यांच्या दृष्टीनं हे इंजिनीअरिंग नव्हतंच. डॉक्टरांना ते डॉक्टर वाटत नव्हते. अखेर एमआयटीतल्या पोषण आणि अन्नविज्ञान विभागात त्यांना जागा मिळाली, कारण त्या विभागाचे प्रमुख नेव्हिन स्क्रिमशॉ यांनी धोका पत्करला. स्क्रिमशॉ लवकरच त्या पदावरून गेले, आणि काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लँगर यांना दुसरी नोकरी शोधायला सांगून टाकलं.

इथे जरा थांबू या. नव्या शास्त्राला सुरुवातीला स्वतःचा विभाग नसतो, स्वतःचं नियतकालिक नसतं, आणि त्याच्या अर्जाची छाननी करणारे सगळे जुन्या शास्त्राचे असतात. आज आपण ज्याला सहज 'बायो-नॅनो' म्हणतो, त्याची ही अवस्था होती. लँगर तिथे टिकले त्यामागे त्यांची चिकाटी होती हे खरं. पण फोकमन आणि स्क्रिमशॉ या दोन माणसांनी चौकटीत न बसणाऱ्या एकाला दार उघडलं होतं, हेही तितकंच खरं. चरित्रं सांगताना हा दुसरा भाग आपण गाळतो.

आता कंपन्यांकडे वळू. १९८० साली अमेरिकेत बे-डोल कायदा झाला. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचं पेटंट विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येऊ लागलं आणि ते उद्योगाला परवान्यानं देता येऊ लागलं. लँगर यांनी आधी मोठ्या कंपन्यांना आपलं तंत्र देऊन पाहिलं. त्यांचा अनुभव असा, की मोठी कंपनी एखाददुसरा प्रयोग करते, तो फसतो, आणि फाइल कपाटात जाते. तिच्याकडे दुसरी शंभर कामं असतात. ज्यांचं जगणं त्याच एका गोष्टीवर अवलंबून आहे अशा माणसांच्या हातात ती दिली, तरच ती पुढे जाते. म्हणून छोट्या कंपन्या, आणि त्या चालवायला बहुधा आपलेच विद्यार्थी.

एक उदाहरण सविस्तर पाहू. फोकमन यांच्या प्रयोगशाळेत असताना लँगर यांची हेन्री ब्रेम या तरुणाशी ओळख झाली. १९७६ च्या 'सायन्स'मधल्या निबंधावर त्यांचंही नाव आहे. ब्रेम पुढे जॉन्स हॉपकिन्सला मेंदूचे शल्यचिकित्सक झाले. मेंदूतल्या एका अतिशय वाईट गाठीवर कारमस्टीन हे औषध होतं, पण शिरेतून दिलं की ते रक्तात फार थोडा वेळ टिकतं आणि बाकीच्या शरीराला इजा करतं. दोघांनी ठरवलं, की गाठ काढल्यावर जी पोकळी राहते तिथेच औषध ठेवायचं. त्यासाठी असा पॉलिमर हवा, जो साबणाच्या वडीसारखा बाहेरून आत झिजेल. मध्येच फुटला तर सगळं औषध एकदम सुटणार, आणि ते घातक. असा पॉलिमर बनवला गेला. छोट्या नाण्याएवढ्या चकत्या, शस्त्रक्रियेत जास्तीत जास्त आठ ठेवायच्या. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वीसहून जास्त वर्षांत या रोगावर आलेला तो पहिलाच नवा उपचार होता.

फायदा किती झाला? गाठ उलटलेल्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीत औषधाची चकती ठेवलेल्यांचं मध्यमान आयुष्य ३१ आठवडे होतं, आणि बिनऔषधाची चकती ठेवलेल्यांचं २३ आठवडे. आठ आठवडे. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण वर्तमानपत्रांत 'क्रांती' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. १९७६ चा निबंध, १९९६ ची मान्यता, मधली वीस वर्षं, आणि पदरात पडले आठ आठवडे. ज्या घरात रुग्ण आहे त्या घराला विचारा आठ आठवडे म्हणजे काय ते. पण त्याला क्रांती म्हणू नका.

आता खऱ्या अर्थानं नॅनो. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आपण बोलतोय शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या कणांविषयी. असा कण औषध भरून रक्तात सोडला, तर यकृतातल्या आणि प्लीहेतल्या पहारेकरी पेशी काही मिनिटांत तो गिळून टाकतात. १९९४ मध्ये लँगर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की कणाच्या पृष्ठभागावर पॉलिइथिलिन ग्लायकॉल, म्हणजे पेग, या पदार्थाच्या साखळ्यांचं आवरण लावलं, तर कण पुष्कळ जास्त वेळ रक्तात फिरत राहतो. त्या साखळ्या पाणी धरून ठेवतात, आणि पहारेकऱ्याला चिकटायला जागा मिळत नाही.

या पायावर एक कंपनी उभी राहिली, बाइंड थेरप्यूटिक्स. लँगर आणि त्यांच्याकडे काम केलेले ओमिद फारोखझाद हे तिचे संस्थापक. कल्पना देखणी होती. नॅनोकणात कर्करोगाचं औषध, वर पेगचं आवरण, आणि त्यावर असा रेणू जो गाठीतल्या पेशींवरची खूण ओळखेल. २०१३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. रुग्णांवरच्या चाचण्यांत अपेक्षित यश आलं नाही, आणि २०१६ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. फायझरनं तिची मालमत्ता चार कोटी डॉलरना घेतली. उंदराच्या शरीरातली गाठ आणि माणसाच्या शरीरातली गाठ यांत केवढं अंतर आहे, हे या क्षेत्राला अशाच किमती मोजून कळत गेलं.

लँगर यांनी चाळीसहून जास्त कंपन्यांच्या स्थापनेत भाग घेतला आहे. भाषणात एवढा एकच आकडा सांगितला की टाळ्या पडतात. त्यांतल्या काही बुडाल्या, काही दुसऱ्यांत विलीन झाल्या. मग टिकलं काय? माझं म्हणणं असं आहे, की टिकली ती शिकवलेली माणसं. आणि याचा एक धागा थेट मुंबईत, माटुंग्याला येतो.

माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी. तिथून १९९२ मध्ये केमिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन समीर मित्रगोत्री एमआयटीत गेले. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर केसापेक्षाही पातळ, पण विटा आणि चुना यांनी बांधल्यासारखा पक्का. इन्शुलिनसारखं प्रथिन त्यातून आत जात नाही, म्हणून सुई लागते. मित्रगोत्री, ब्लँकश्टाइन आणि लँगर यांनी १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं, की कमी वारंवारतेच्या श्राव्यातीत ध्वनीनं तो थर तात्पुरता सैल करता येतो आणि प्रथिन त्वचेतून आत पाठवता येतं. मित्रगोत्री पुढे सांता बार्बराला प्राध्यापक झाले, आता हार्वर्डला आहेत. तिथे त्यांनी आणखी एक युक्ती पुढे नेली. नॅनोकण लाल रक्तपेशींच्या पाठीवर बसवायचे, म्हणजे पहारेकऱ्यांना चुकवून ते फुफ्फुसापर्यंत पोचतात. गुरूनं कणाला आवरण घातलं, शिष्यानं त्याला वाहन दिलं. लँगर यांच्याच दुसऱ्या विद्यार्थ्यानं, मार्क प्राउस्निट्झ यांनी, जॉर्जिया टेकला वेदना न होणाऱ्या सूक्ष्म सुयांच्या पट्ट्यांवर आयुष्य घातलं. असे शेकडो विद्यार्थी जगभर प्राध्यापक आहेत. कंपनी बुडाली तरी ही माणसं बुडत नाहीत. ती दुसऱ्या गावी जातात, आणि फसलेला प्रयोग का फसला हे ज्ञान बरोबर नेतात. पेटंटच्या कागदावर ते लिहिलेलं नसतं.

शेवटचा टप्पा तुम्हा सगळ्यांच्या माहितीतला आहे. २०१० मध्ये मॉडर्ना स्थापन झाली. डेरिक रॉसी, केनेथ चिएन, नूबार अफेयान आणि लँगर ही संस्थापकांतली नावं. दहा वर्षं तिचं एकही उत्पादन बाजारात नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला लस टोचली गेली, आणि १८ डिसेंबरला आपत्कालीन मान्यता मिळाली. लस म्हणजे मेदाच्या नॅनोकणात गुंडाळलेला आरएनए. इथे श्रेय नीट वाटायला हवं. तो आरएनए शरीरानं नाकारू नये याची किल्ली कारिको आणि वाइसमन यांची, त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. मेदाच्या कणांमागे व्हँकुव्हरच्या पीटर कलिस यांच्यासारख्यांची कित्येक वर्षांची मेहनत. विषाणूवरचं प्रथिन स्थिर करण्याचं काम अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या आणि तिच्याशी जोडलेल्या शास्त्रज्ञांचं. लँगर यांचा वाटा, की मोठे नाजूक रेणू कणात भरून शरीरात पोचवता येतात, हे कोणी मानत नव्हतं तेव्हापासून त्यांनी लावून धरलं.

आणि इथेच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मॉडर्नाच्या लसीसाठी विकास आणि आगाऊ खरेदी मिळून अमेरिकी सरकारनं ऑगस्ट २०२० पर्यंतच सुमारे अडीच अब्ज डॉलर देऊ केले होते. पैसा जनतेचा, पेटंट कंपनीचं, नफा भागधारकांचा. त्याच लसीच्या पेटंटवर आपल्या शास्त्रज्ञांची नावं हवीत म्हणून सरकारी संस्थेला कंपनीशी भांडावं लागलं. भारतात जून २०२१ मध्ये त्या लसीच्या आयातीला परवानगी मिळाली, पण आपल्या लसीकरण मोहिमेत ती कधी आली नाही. पुण्याच्या जिनोव्हानं स्वतःची आरएनए लस तयार केली, साध्या फ्रीजच्या तापमानात टिकणारी, आणि तिला मान्यता मिळाली जून २०२२ मध्ये. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. त्या लाटेत आपल्यापैकी किती घरांत काय झालं, ते मी सांगायला नको.

आपल्याकडेही बे-डोलच्या धर्तीवर एक विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं होतं. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. म्हणजे सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचा मालक कोण, हा प्रश्न आपण अजून नीट सोडवलेला नाही. दरम्यान आयआयटीत, राष्ट्रीय प्रयोगशाळांत स्टार्टअपची केंद्रं उभी राहिली आहेत, आणि तरुण प्राध्यापकांना विचारलं जातं, तुमची कंपनी कुठे आहे? मला वाटतं, बरोबरीनं आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. तुमचे विद्यार्थी कुठे आहेत? आणि तुमच्या शोधाची किंमत कोणाला परवडणार आहे?

तर त्या विद्यार्थिनीसाठी, ती आज आली असेल तर. बाई, तू म्हणालीस, सगळे सांगतात एक निवड. १९७४ मध्ये लँगर यांना एकच निवडता आलं असतं, तर ते एखाद्या कॉलेजात रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम लिहीत बसले असते, आणि मला वाटतं आनंदात असते. ते दार बंद झालं, म्हणून ते कत्तलखान्यातून हाडं आणायला गेले. पण शिकवायची हौस त्यांनी सोडली नाही. तुझ्यासमोर कोणती दारं बंद होतील ते मला सांगता येणार नाही. एवढं मात्र सांगेन, की ज्या प्रयोगशाळेत तू जाशील तिथे आधी दोन गोष्टी बघ. चौकटीत न बसणाऱ्या माणसाला तिथे जागा आहे का, आणि तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करताहेत. निबंध आणि पेटंटं नंतर मोज.

आणि इथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींना एक विनंती. उद्या तुमच्याकडे एखादा अर्ज येईल. पदवी एका विषयाची, इच्छा दुसऱ्याच विषयाची, आणि अनुभव काहीच नाही. तो अर्ज बाजूला टाकण्याआधी एकदा फोकमनना आठवा.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.